माझी शिफारस मीच लिहिली

परदेशी शिकायला जायच्या शिष्यवृत्तीला विभागप्रमुखांचं शिफारसपत्र लागतं. मी यवतमाळला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि मला पुढं पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर काम करायचं होतं. आमच्याकडे तो विषय शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून हा अर्ज. पत्र मागायला गेले तर सर म्हणाले, "तूच लिहून आण न बाई, मी सही करतो." आमच्याकडे ही रीतच आहे. सर वाईट नाहीत, पण त्यांना वेळ कधीच नसतो.

स्वतःची तारीफ स्वतः लिहायची म्हणजे भलतंच काम. मी इंटरनेटवरचे चार नमुने समोर ठेवले आणि इंग्रजीतून स्वतःलाच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. कमालीची हुशार, नेतृत्वगुण असलेली, मृदुभाषी. सरांनी न वाचता सही ठोकली. मी खुशीत गावची बस धरली.

आमचं गाव बाभुळगावच्या पुढं. आई तिथल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. ती सुपात तूर निवडत बसली होती. मी तिला ते पत्र मराठीत सांगितलं.

"मृदुभाषी म्हंजे?"

"गोड बोलणारी."

आईनं सूप खाली ठेवलं. "चांगली आहे," ती म्हणाली. "पन हे पोरगी कोनाची व?"

अस्सा राग आला मला! "तुहीच! कौतुक म्हणून नाही तुले."

"माही तं भांडखोर आहे. मास्तरच्या टेबलावर बाटली आदळली होती तिनं. ते कायले नाही लिहिलं?"

ती सातवीतली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या सगळ्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग. माझ्याही. मास्तरांनी एक दिवस आम्हाला वर्गात उभं केलं आणि विचारलं, "तंबाखूचा खर्रा खाता काय रे?" माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मी हापशीचं पाणी बाटलीत भरून नेलं, बाटली त्यांच्या टेबलावर आदळली आणि म्हटलं, "महिनाभर तुम्ही प्या, मग तुमचे दात पाहू." आईला शाळेत माफी मागायला बोलावलं. तिनं माफी मागितली नाही. ती तीच बाटली घेऊन तालुक्याला गेली, पाणी तपासायला लावलं, त्यात फ्लोराइड निघालं, आणि काही महिन्यांनी हापशीला लाल रंग लागला. हे पाणी पिऊ नका, एवढाच त्या रंगाचा अर्थ. डाग मात्र राहिले. तेव्हापासून मी तोंडावर हात ठेवून हसते.

"असलं लिहीत नसतात," मी म्हटलं.

"काहून?"

संध्याकाळी बसून मी पत्र नव्यानं लिहिलं. त्यात फक्त बाटली होती, लाल हापशी होती आणि मला काय शिकायचं ते होतं.

अर्जाचा शेवटचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता, संध्याकाळी पाचपर्यंत. कॉलेजात गेले तर सर पुतणीच्या लग्नाला मारेगावला. विभागाच्या कोऱ्या कागदावर पत्र छापून घेतलं आणि निघाले. सर मांडवात बादली घेऊन पंगतीला बुंदी वाढत होते. "तू इथं? आधी जेव."

"सर, सही पाहिजे."

"केली न सही?"

"ते पत्र खोटं होतं, सर."

सरांनी बादली दुसऱ्याच्या हातात दिली आणि पत्र पहिल्यांदा वाचलं. दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझा हात सवयीनं तोंडावर गेला. त्यांनी पेन मागितला, सही केली, आणि सहीच्या वर हातानं एक ओळ लिहिली.

बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मी ती ओळ वाचली. "या विद्यार्थिनीला मी दोन वर्षं शिकवलं आणि यातलं मला काहीच माहीत नव्हतं, ही चूक माझी." ज्या पोरीला तिचे सरच ओळखत नाहीत तिला शिष्यवृत्ती कोण देणार? मनात सरांना नाही नाही ते बोलले. पण पाचला वीस मिनिटं उरली होती. तेच पत्र स्कॅन करून पाठवलं आणि बसमध्ये रडत घरी आले.

तरी मुलाखतीचं बोलावणं आलं. समोर तिघं होते. मधल्या बाईंनी नेमकी तीच ओळ मोठ्यानं वाचली. "सरांना काय माहीत नव्हतं, सांगा." मी सांगत गेले. मास्तर, खर्रा, बाटली. सांगता सांगता आवाज चढला, समोरच्या तिघांना हसू आलं, मलाही आलं. माझे दोन्ही हात टेबलावरच होते हे बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं.

निवडयादी लागली त्या दिवशी आईला अंगणवाडीत जाऊन सांगितलं. ती पोरांच्या ताटल्या धूत होती.

"कोनती निवडली त्यायनं? गोड बोलनारी का भांडखोर?"

"भांडखोर."

"मंग माहीच," आई म्हणाली, आणि ओल्या हातानं माझं तोंड कुरवाळलं.