नवव्या तासाचा त्रिकोण

गणितबाईंना बावीस वर्षांची एक खोड होती. प्रत्येक तासाला फळ्यावर एक चूक मुद्दाम करायची, आणि ज्याच्या नजरेला ती पडेल त्याने उठून पुसायची. सकाळच्या तासाला सातवीची पोरं त्यांना धड खडूही खाली ठेवू देत नसत. पण शाळा दीड तासाने वाढली, सातवीला गणिताचाच नववा तास आला आणि चुका फळ्यावर तशाच राहू लागल्या. पोरं त्या इमानेइतबारे वहीत उतरवून घ्यायची.

“जास्त वेळ, जास्त अभ्यास. साधं गणित आहे,” मुख्याध्यापक म्हणाले.

“सर, गणित माझ्यावर सोडा. पालथ्या घड्यावर दीड तास जास्त पाणी ओतलं म्हणून तो भरत नाही.”

“तुम्ही ना, प्रत्येक गोष्टीत चूक काढता.”

“त्याचाच पगार घेते मी.”

बाईंनी तीन अर्ज केले. तिन्ही फायलीत जाऊन निवांत पडले. अखेर नववा तास कायम करायचा की बंद, हे ठरवायला तपासणी अधिकारी आले आणि नेमके त्याच तासाला मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसले.

बाईंनी त्रिकोण काढला. कोन लिहिले: सत्तर, साठ, साठ. तिन्हींची बेरीज एकशेऐंशी व्हायला हवी, हे या वर्गाला झोपेतही येतं अशी बाईंची समजूत होती. पण पेनं मुकाट चालत राहिली. पहिल्या बाकावरच्या पोरीला तिच्या तिखट नजरेमुळे सगळे ‘सुई’ म्हणायचे. तिनेही साठाखाली पट्टीने रेघ मारली.

तास संपला. साहेब खूश. “काय शांतता आहे. एक पोरगं हललं नाही.”

“साहेब, तुमची वही बघू?”

वहीत त्रिकोण होता. सत्तर, साठ, साठ.

“बेरीज करा ना जरा.”

साहेबांनी ओठ हलवत बेरीज केली. एकशेनव्वद. त्यांचे कान लाल झाले. “सकाळपासून तीन शाळा केल्या हो मी.”

“पोरांनी आठ तास केलेत.”

मुख्याध्यापक मध्ये पडले. “पण शिस्त बघा, साहेब...”

“शिस्त कसली, सर? डोळे उघडे ठेवून झोपलेत सगळे.”

साहेब माणूस वाईट नव्हता. दोन दिवसांत हुकूम आला. बाईंचं म्हणणं रास्त आहे; नवव्या तासाला गणित नको, भाषा घ्यावी.

शिक्षकांच्या खोलीत भाषेच्या सरांनी वाटच अडवली. “वा, बाई. रोग रेड्याला आणि औषध पखालीला?”

“मी हे मागितलं नव्हतं.”

“मग मागितलं काय होतंत?”

“पोरांना घरी सोडा. एवढंच.”

“नीट लिहायचं होतं मग.”

“तीनदा लिहिलं, सर. तुमच्याच भाषेत.”

त्या दिवशी बाई दीड तास आधी निघाल्या. फाटकातून मागे वळून पाहिलं, तर सातवीच्या खिडकीत सुई हनुवटी तळहातावर टेकून बसली होती. वही बंद.

घरी नवऱ्याने दार उघडलं. “आज लवकर? म्हणजे जिंकलीस की.”

“मी सुटले. पोरं तिथेच आहेत.” बाईंनी पिशवी खुर्चीत आदळली. “कोरा कागद आहे का?”

“पुन्हा अर्ज? अगं, चौथा होईल हा.”

“होऊ दे. आणि चहा नंतर. डोकं ताजं आहे तोवर लिहून काढते.”