स्वयंपाकघराच्या दारात डिपस्टिक

गाडीतलं तेल तपासायची लांब, लवलवती डिपस्टिक, तिच्या टोकाला लोंबणारा लालभडक तेलाचा थेंब, आणि त्या थेंबाखाली तळहात धरून अंगणातून स्वयंपाकघराच्या दाराकडे जपून चालत येणारे माझे बाबा... बालपण म्हटलं की मला आधी हे दिसतं. शाळा दिसत नाही. शाळेत मी फार गेलोच नाही.

खडकीला लष्कराच्या भिंतीलगत आमची पत्र्याची खोली आणि पुढं चिंचेखाली बाबांचं गॅरेज. लिलावात निघालेल्या गाड्या तिथं यायच्या. त्यातली एक परदेशी पिकअप बाबांनी स्वतःलाच ठेवून घेतली होती — फिकट निळी, आडदांड, आणि पायाशी क्लचच नाही. गिअर ती आपली आपण बदलायची. लोक खिडकीतून वाकून बघायचे.

"क्लच कुठंय मिस्त्री?"

"विकला," बाबा म्हणायचे.

चिंचेला कोवळा पाला फुटला की बाबा तिचा गिअरबॉक्स सर्व्हिसिंगला घ्यायचे. खालचं चेंबर उतरवायचं, त्यातल्या चुंबकाला चिकटलेली लोखंडाची काळी लव फडक्यानं पुसायची, जाळी बदलायची, आणि मग गिअर धरून ठेवणाऱ्या आतल्या पट्ट्याचा स्क्रू आधी गच्च आवळून मापानं सैल सोडायचा. "आवळून ठेवला तर जळतो, सैल सोडला तर घसरतो," हे सांगताना ते आईकडं का बघायचे ते मला तेव्हा कळत नव्हतं. शेवटी कोकमाच्या आगळासारखं लाल, नवं तेल. गाडी होळकर पुलापर्यंत फिरवून आणायची, इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढायची आणि तेलाचा वास घ्यायचा. चांगलं तेल गोडसर वासाचं. आतला पट्टा घसरून तेल जळलं असेल तर करपलेल्या दुधासारखा वास.

पण बाबांचं नाक मेलेलं. वर्षानुवर्षं गाड्यांना रंग मारून गेलं, असं ते सांगायचे. म्हणून आई. हात पिठात असले तरी ती चुलीपुढून उठायची, उंबऱ्यावर टेकायची, डोळे मिटून वास घ्यायची — बाहेरून चिंचेची सावली तिच्या पायापर्यंत यायची — आणि म्हणायची, "चांगलंय." किंवा, "करपलंय हो." मग तो थेंब पदराला पुसायची. बाबा तिथंच बसायचे. चहा व्हायचा. गाडी तशीच घुरघुरत उभी.

मी पोरगेला असतानाच आई गेली. दोन दिवसांच्या तापात. भंतेजी येऊन गेले, मेणबत्त्या विझल्या, बायका घर आवरायला लागल्या, आणि मावशीनं खुंटीवरचं आईचं लुगडं धुवायला ओढलं. कोपऱ्यात गप्प बसलेले बाबा एकदम ओरडले, "ते ठेव! तेलाचा वास आहे त्याला!"

मावशीनं लुगडं परत टांगलं. तिला काही वाटलं नाही. मी मात्र भिंतीला टेकून उभा होतो तो तसाच राहिलो. कानशिलात कोणी मारली असती तरी एवढा हबकलो नसतो. नाक मेलेल्या माणसाला वास?... मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

लग्न झालं, शालन घरात आली, आणि बाबांच्या मागं पिकअप माझ्याकडं आली, तेव्हा मीही डिपस्टिक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेलो. म्हटलं, आमच्या घराण्यात नाकं मरतात. शालननं वरपासून खालपर्यंत बघितलं. "हो का? शेजारी बोंबील भाजले की सगळ्यात आधी तुम्ही उठता, ते काय ऐकून?" पण वास घेतला तिनं. डोळे मिटून. थेंब पदराला पुसला. पुढं जन्मभर.

चार वर्षांपूर्वी, सर्व्हिसिंगला अजून अवकाश असताना, मी अशीच डिपस्टिक नेली. अंगणातच मला करपट भपकारा आला होता — शंकाच नको, गिअरबॉक्स जळत होता. शालननं वास घेतला, नीट घेतला, आणि हसून म्हणाली, "चांगलंय."

तिचं नाक गेलं होतं. तिला ते माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे... आणि मी काय सांगणार होतो? मला वास येतो म्हणून?

तसाच मागं फिरलो. चेंबर उतरवलं, तळाला काळा गाळ. पट्टा नव्यानं कसला, जाळी बदलली, सगळं तेल बदललं. शालन चांगलंय म्हणाली होती. मग ते चांगलं असायला नको? त्यानंतर ती असेपर्यंत मी आधी तेल बदलायचो आणि मगच तिला दाखवायला न्यायचो.

ती गेली. झोपेत. चहा घेऊन उठवायला गेलो तर हात गार.

परवा मिलिंद आला, आमचा मुलगा, हिंजवडीत असतो. म्हणाला, "पप्पा, भंगारवाल्याशी बोललोय. ही गाडी आता कोण बघणार?"

"आधी तेल बघू," मी म्हटलं. गाडी फिरवून आणली, इंजिन चालू ठेवलं, डिपस्टिक काढली, थेंबाखाली हात धरला आणि चालत गेलो. स्वयंपाकघराच्या दारात म्हणालो, "अगं, बघ गं जरा."

आत ओटा. झाकलेली शेगडी. थेंब उंबऱ्यावर पडला तेव्हा भानावर आलो.

मिलिंद मागं येऊन उभा होता. मग त्यानं माझ्या हातातली डिपस्टिक घेतली, नाकाशी धरली. डोळे मिटले — अगदी तिच्यासारखे.

"मला नाही कळत, पप्पा. तुम्ही बघा ना."

"मला कुठलं कळायला? माझं नाक मेलंय. तूच येऊन बघत जा."

त्यानं पुन्हा वास घेतला. "चांगलंय... बहुतेक." भंगारवाल्याचं नाव मग त्यानं काढलं नाही.

शालनची साडी खुंटीवर आहे तशीच आहे. धुवायला दिलेली नाही. तिच्या पदराला कसला वास येतो ते मला विचारू नका. माझं नाक मेलेलं आहे.