दाजींची विखुरलेली जायदाद

जमिनीच्या भावाला इतका भिणारा आणि जमिनीवाचून करमत नसलेला माणूस आमच्या दाजींखेरीज साऱ्या निजामाच्या राज्यात दुसरा नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे हे यजमान. वाशीला एक पट्टी, अणदूरला खंडोबाच्या वाटेवर एक तुकडा, धाराशिवला वेशीबाहेर एक मोकळी जागा. आणि राहायला? धाराशिवातच भाड्याच्या दोन खोल्या. पावसाळ्यात आक्का निम्मी भांडी गळतीखाली ठेवायची आणि उरलेल्या निम्म्यांत स्वयंपाक करायची. घर का बांधत नाही म्हटलं, की दाजी समजूत घातल्यासारखं बोलायचे, "सगळं एका जागी गुतवायचं न्हाय. इकडं भाव पडला तर तिकडं टिकतोय." माझं डोकं फिरायचं.

त्यांची जागा घ्यायची तऱ्हाही जगावेगळी. कागद, मोजणी सगळं मागाहून. आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं जाऊन ताक मागायचं. ताक मिळालं तर शेजार चांगला, वाईट दिवसांत जमिनीकडं लक्ष ठेवील. वाशीला एका म्हातारीनं ताकावर भाकरीही दिली, तर यांनी शेजारची खडकाळ पट्टी तिथल्या तिथं ठरवून टाकली. त्या खडकावर कुसळाशिवाय काही उगवलं नाही. वर मलाच म्हणतात, "पर शेजार बघा की." काय बघता, कपाळ!

मग रझाकारांचे दिवस आले. लोक घरदार टाकून निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीकडं निघाले आणि गावातल्या घरांना कुणी विचारीना. गल्लीतल्या एका व्यापाऱ्यानं आपलं विहिरीचं, माळवदाचं घर निम्म्या भावात देऊ केलं. मी हात धुऊन मागं लागलो, आक्कानं जेवण सोडायची धमकी दिली, तेव्हा कुठं दाजींनी ते घेतलं. आक्कानं स्वतःच्या हातानं चूल घातली. सारवताना ती गात होती. लग्नानंतर तिला गाताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

पोलीस ॲक्शन झाली, घरांचे भाव चढले, आणि व्यापाऱ्याची बायको पोरं घेऊन दारात येऊन उभी राहिली. "घेतलं त्याच भावात परत द्या," एवढंच म्हणाली. झालं, दाजी हिशेबात पडले. जुना भाव, नवा भाव, का मधला? सल्ला विचारत गावभर हिंडू लागले. मी बजावलं, "कागद पक्का आहे, सोडू नका." संध्याकाळी येऊन बघतो तर आक्का पुन्हा भाड्याच्या खोल्यांत जायला भांडी बांधत होती. "भिऊन विकलेलं घर हाय हे. मला इथं झोप लागंना," म्हणाली. किल्ली तिनं देऊनही टाकली होती. दाजींनीही जुन्या भावात कागद करून दिला. मी कितीतरी दिवस दोघांशीही बोललो नाही.

बोलायला गेलो तर नवीनच. दाजी वाशीची पट्टी आणि अणदूरचा तुकडा दोन्ही विकून बसलेले, तेही कुळकायदा येणार या हुलीनं शेतजमिनीचे भाव कोसळले असताना! ज्या माणसानं जन्मात पडत्या भावात काही विकलं नाही, तो वेशीबाहेरच्या जागेत गवंड्याजवळ उभा राहून पाया आखून घेत होता. मी चिडून विचारलं, "दाजी, थोडा दम धरला असता तर काय बिघडलं असतं?"

"भाव येतील वर," ते म्हणाले. "पर तवर तिनं कुठवर लोकाच्या घरात राहायचं?"

पुढं भाव चढले, चांगले चढले. मी दर भेटीला ते ऐकवायचो. दाजी ओसरीवरनं आत हाक मारायचे, "ऐकलं का, तुमचा भाऊ आपलं नुकसान मोजतोय." आतून आक्का हसायची. आता दोघंही नाहीत, आणि एवढं चिडावं असं माझं माणूसच उरलेलं नाही.