धूर न निघणाऱ्या तीन खोल्या

माधवनगरच्या बाजूला गेले आणि चुना लावलेली कोरी भिंत दिसली, की आजही माझं डोकं तापतं.

दुसरं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. पोलिसात आम्ही बायका अगदी थोड्या. बाईची झडती किंवा जबाब असला की मला बोलावणं यायचं. एके सकाळी उंब्रजकडची एक बाई ठाण्यात आली. नवरा पलटणीत असताना गेलेला. दोन मुलींना घेऊन ती देवळाच्या ओवरीत राहत होती. शिपायांच्या विधवांसाठी माधवनगरबाहेर आठ खोल्यांची चाळ बांधली होती, भाडं नाममात्र. तिथला तिचा अर्ज परत आला होता. त्यावर शेरा: 'राहण्याचा पत्ता दिलेला नाही.'

घर नाही म्हणून अर्ज केला, आणि घराचा पत्ता नाही म्हणून तो फेटाळला!

"समद्या खोल्या भरल्यात म्हनतोय चाळीचा कारकून," ती म्हणाली. "बाईसाब, मी म्हैनाभर बघतीया. आठ खोल्या हायत, धूर पाचांतनंच निघतुया."

फौजदारसाहेब हसले. "चूल न पेटवणं कोणत्या कलमात बसतं?"

मी डायरीत नोंद केली आणि दोन शिपाई मागून घेतले.

कारकुनाला आमची कुणकुण लागली होती. त्या तिन्ही खोल्यांत पांढऱ्या कपाळाची एकेक बाई बसवलेली. पहिल्याच खोलीत मी चुलीपाशी वाकले. मागची भिंत दुधासारखी. तिथे एकही भाकरी भाजलेली नव्हती.

"बाई टापटिपीची आहे हो. रोज सारवते," कारकून म्हणाला.

"आणि चुनाही रोज लावते?"

त्याला बाहेर उभं केलं आणि दार लोटलं. बाईच्या मनगटावर बांगड्यांचे वळ ताजे होते. खोलीच्या कागदावर तिचा अंगठा होता, पण कागदावर अंगठा कोणीही उठवतो. मी म्हटलं, "जबाब लिहून घेते. तोंडानं सांग, माझा नवरा मेला."

हे वदवणं क्रूर होतं. मी मुद्दाम केलं.

तिनं पदर तोंडावर दाबला. मी पुन्हा तेच म्हटलं, तशी ती उसळली. "आवं, जीभ झडंल माजी! धनी हाय माजा. ह्या कारकुनाच्याच मळ्यात मोट हाकतोय. कुकू पुस, न्हाईतर दोघंबी काम सोडा, म्हनला."

कारकुनानं या बाईला जिवंत नवऱ्याचं कुंकू पुसायला लावलं होतं. बाकीच्या दोघीही मग बोलल्या. पंचांसमक्ष त्या खोल्यांच्या मागच्या पडव्या उघडल्या. आत एका व्यापाऱ्याच्या सुताच्या गाठी रचलेल्या होत्या; त्यांचं भाडं कारकून खात होता. सूत छपराखाली, शिपायाच्या मुली उघड्यावर.

कारकुनाची बदली झाली. हो, नुसती बदली. नव्या गावी त्याला राहायला सरकारी जागा मिळाली. त्याला कोणी पत्ता विचारला नाही. आमच्या उंब्रजच्या बाईला खोली देतानाही नव्या कारकुनानं पत्त्याचा तोच रकाना पुढे केला. मीच पेन घेऊन 'देवळाची ओवरी' असं लिहिलं.

या प्रकरणानं मला एक सवय लावली. घराची चौकशी असली की मी आधी चूल बघते, कागद नंतर.

महिन्याभरानं त्या वाटेनं गेले होते. बाईनं आत बोलावलं आणि ओशाळून म्हणाली, "भित लय काळी झाली बगा."

"होऊ दे," मी म्हटलं.