न उचलायचा फोन

सांगलीतल्या आमच्या कंट्रोल रूममध्ये मोबाइलचे टॉवर आता एआय एजंट सांभाळतो. कुठे गर्दी वाढली, कुठे सिग्नल कमी पडतोय ते बघून स्वतःच फेरबदल करतो आणि काय केलं ते साध्या भाषेत कळवतो. मी वाचत बसते. पगार वाचण्याचाच मिळतो म्हणा ना.

दुपारी माझं लक्ष मात्र स्वतःच्या मोबाइलवर असतं. आबा, म्हणजे माझे वडील, जतकडे मेंढरं राखतात. गेल्या वर्षी छातीत दुखून पडले, तरी मेंढरं सुटत नाहीत. म्हणून ठरलंय, दुपारची गोळी घेतली की त्यांनी मिसकॉल द्यायचा. मी उचलायचा नाही. आता बोलायला जादा पैसे पडत नाहीत, पण आमच्याकडची ही रीत काही मोडत नाही. वाजला म्हणजे सगळं ठीक.

त्या दिवशी वाजलाच नाही. मी लावला तर संपर्कक्षेत्राबाहेर. उघडलेला डबा तसाच झाकला. माळावर एकटा माणूस, सोबतीला कुत्रं. नको नको ते डोळ्यांसमोर यायला लागलं.

तेवढ्यात स्क्रीनवर एजंटचा निरोप दिसला. 'जतजवळच्या माळावर दुपारी कॉल कोणी उचलत नाही. वापर नाही, म्हणून वीज वाचवण्यासाठी टॉवर झोपवला आहे.' माझं डोकंच फिरलं. अरे शहाण्या, तिथे टँकर आला तरी मिसकॉल, जेवायला बोलवायचं तरी मिसकॉल. उचलतंय कोण?

'इथले लोक फोन नुसता वाजवतात. टॉवर आत्ता चालू कर,' मी लिहिलं. त्याने लगेच केला, आणि यापुढे नुसते वाजलेले कॉलही मोजीन, असं नम्रपणे कळवलं. त्या नम्रपणाचाच मला राग आला.

फोन गप्पच. मी मनातल्या मनात देवाशीही भांडून घेतलं. मग वाजला. आबांचाच! मला राहवलं नाही. उचलला.

पलीकडे मेंढरांचं बें बें. मग आबांचा आवाज, इतका बारीक की ओळखू येईना.

"कोण गेलं गं?"

"कोन न्हाई आबा. समदी बरी हायती."

"मग उचललास कशाला? जीव घेतीस का माझा!"

"तुमचा आवाज ऐकायचा हुता," मी म्हटलं. रडू फुटत होतं.

पलीकडे पुन्हा मेंढरांचं बें बें. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.