अक्कांचे केस आणि आखाजी

शाळेच्या स्टाफरूममध्ये वह्या कधीच तपासून होत नाहीत. लाल पेन उघडलं की कुणीतरी "अगं, ऐक ना" म्हणणार, आणि गठ्ठा तसाच राहणार! असे किस्से वर्षानुवर्षं साठत जातात. सत्तर सालच्या आसपास मी धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत नोकरीला होते. तिथले माझ्याकडचे निम्मे किस्से कोरड्या केसांचे आहेत. त्याला कारणं दोन : तिथलं खारं पाणी आणि आमच्या शिवणाच्या अक्का.

मी रत्नागिरीकडची, खोबरेलात वाढलेली. धुळ्यात आले आणि बघता बघता केसांचा काथ्या झाला. गावात ओळख ना पाळख, त्यात आरशात हे ध्यान! मला रडूच यायचं.

अक्का माझ्या शेजारच्या खोलीत राहायच्या. पन्नाशीच्या आतबाहेर, नवऱ्याने टाकलेल्या. धरणगावाजवळच्या खेड्यात एक धाकटा भाऊ, बाकी कुणी नाही. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, आणि त्यांना न्यायला भाऊ मुराळी होऊन येतो. अक्कांचा भाऊ बरीच वर्षं आला नव्हता. तरी चैत्र लागला की अक्का केसांच्या मागे लागायच्या.

"भावजय म्हनी, झिपऱ्या लिसन उनी!" त्या म्हणायच्या. भावजयीने नावं ठेवू नयेत म्हणून सगळे घरगुती उपाय. आणि प्रत्येक उपायाचा पहिला प्रयोग आमच्यावर!

*

आमची भूगोलाची कुसुम असोद्याची. घरी केळीच्या बागा. अक्कांनी फर्मान काढलं, "केळं लावा. केस मऊ व्हतीन." कुसुमने अख्खा घडच आणला.

रविवारी दुपारी अंगणात बसून आम्ही पिकली केळी हाताने कुस्करली आणि डोक्यावर थापली. कपड्यातून गाळून घ्यायला हवं होतं, हे एकीलाही सुचलं नाही. चैत्रातलं ऊन ते! लगदा असा वाळला की धुता धुता टाकीतलं पाणी संपलं.

सोमवारी पहिल्या तासाला मी फळ्याकडे वळले, आणि मागून आवाज आला, "बाई, तुमच्या अंबाड्यात शिकरण आहे!"

वर्ग खो-खो हसला. मीही हसले. धुळ्यात आल्यापासून तशी पहिल्यांदाच हसले असेन.

*

पुढचा नंबर मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचा. भिजवलेली मेथी दह्यात वाटून डोक्यावर लेप, वर घट्ट टॉवेल. सुट्टीच्या दिवशी बाई अशा बसल्या असताना शिक्षण खात्याचे साहेब दारात हजर!

साहेबांची नजर टॉवेलवरून हलेना. बाई करारी. म्हणाल्या, "आमच्याकडे पाहुणे आले की डोकं बांधायची पद्धत आहे."

साहेबांनी मान डोलावली, चहा घेतला आणि गेले. पुढच्या खेपेला ते आले, तेव्हा बाई बोडक्या डोक्याने सामोऱ्या गेल्या. साहेबांचा चेहरा पडला. "आमचं काही चुकलं का?"

*

आमच्या घरमालकीणबाई, शेठाणी, राजस्थानकडच्या. माझे केस बघून कळवळल्या. "तेल रहने दो बाई, घी लगाओ घी!" आणि वाटीभर साजूक तूप दिलं. मी ते चोपडून झोपले. सकाळी उठते तर उशीवरून भिंतीपर्यंत लाल मुंग्यांची रांग!

मी किंचाळतच अक्कांच्या दारात. अक्कांनी माझं डोकं झटकलं, मानेवरच्या मुंग्या वेचल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "नशीबवान शे तू. तुना घर मुंग्या तरी उन्यात!"

आम्ही पोट धरून हसलो. मग हसू ओसरलं. खरं तर दोघींच्याही दाराशी दूधवाल्याशिवाय कुणी येत नसे.

*

एका वर्षी मात्र उपाय लागू पडला. जास्वंदीची फुलं खोबरेलात उकळून अक्कांनी महिनाभर लावली. केस असे मऊ आणि काळेभोर झाले की स्टाफरूममध्ये सगळ्या हात लावून बघायच्या. अक्का लाजायच्या.

आखाजीच्या दिवशी सकाळपासून त्या ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर. पिशवी भरलेली. गल्लीत टांगा वाजला की मान वळायची. मी आपली उगाच आतबाहेर करत होते. मला ते बघवत नव्हतं.

दुपारी एकजण खरंच आला! पण तो त्यांच्या गावचा शेजारी होता, धुळ्याला स्वतःच्या कामासाठी आलेला. घाम पुसत म्हणाला, "अक्का, तुना भाऊले सवड नही. पुढला साले दखू."

अक्कांनी त्याला पाट मांडला. आग्रह करकरून पुरणपोळी वाढली. निघताना तो दारात थबकला. "अक्का, केस मातर झकास व्हयनात तुना!"

"घर सांगजो बरं," अक्का घाईघाईने म्हणाल्या, "भावजयले सांगजो!"

*

आता हा एकच. त्याच वर्षी, दिवाळीनंतर घडलेला.

पाठीवर भाऊ असलेल्या बाईने बुधवारी डोक्यावरून न्हायचं नाही, भावाला बाधतं, असं तिकडे पक्कं मानतात. अक्का तर फार कडक. शाळेच्या मुलींनाही विचारायच्या, "आज बुधवारना दिन डोकं कसाले धुयं?"

एका बुधवारी अक्का शाळेत आल्याच नाहीत. मी घरी आले, तर अंगणात शिकेकाईचा वास. अक्का ओले केस मोकळे सोडून उन्हात बसलेल्या. शेठाणी पदर तोंडाला लावून दारात उभ्या, पुढे यायची त्यांची हिंमत होत नव्हती. मी जाऊन अक्कांजवळ बसले, त्यांचा हात धरला.

"अक्का... भाऊंचं काही कळलं का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे.

"त्याले काय व्हयनं? धडधाकट शे तो," अक्का म्हणाल्या. "मनं डोकं खाजी ऱ्हायनं व्हतं."