पाव शब्दावरचं भांडण

मी चौथी नापास. तरी मराठी शब्दांत मला कुणी हरवू शकत नाही अशी माझी घमेंड होती. इकडे हिंदी मुलखात, सीपरी बाजारातल्या आमच्या घरात नियमही मीच घातलेला: उंबऱ्याच्या आत हिंदीत हाक मारली तर मी ओ देणार नाही. नातीला मराठी कळतं, बोलता येत नाही. शेजारी हसायचे. मी हटलो नाही.

त्या सकाळी बाहेर ओट्यावर चहात पाव बुडवत मी तिला सांगितलं, "पीठ पायानं तुडवतात, म्हणून पाव."

तिनं मोबाईल पाहिला. "नहीं आजोबा. ये तो पुर्तगाली शब्द है. पाव किलो वाला संस्कृत से आया, अपना पाँव भी वहीं से. और आजी कहती हैं ना, देवी पावली, वो तीसरा ही है."

"तुझ्या मोबाईलनं कधी भट्टी पाहिली आहे?"

"आपने देखी है?"

पाहिली नव्हती. पण ते कबूल कोण करतो. मी तोंड फिरवलं, ती पाय आपटत आत गेली.

थोड्या वेळानं आतून हाक आली, "आजोबा, जल्दी आइए." मला वाटलं, भांडण उकरून काढतेय. दुसरा पाव घेतला. पुन्हा हाक आली, हिंदीतच. मी ओ दिली नाही. मग मोडक्या मराठीत रडका आवाज आला, "आजोबा, आजी... पडला." तेव्हा कुठे उठलो.

माझी बायको न्हाणीत आडवी होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला हाका ऐकू आल्या होत्या, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "कितनी देर हुई?" नातीनं माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, "इसने बुलाया, तब से दस मिनट मैं बैठा रहा, जी." डॉक्टरांनी ते नुसतं कागदावर लिहून घेतलं. त्याचीच जास्त भीती वाटली.

"माताजी, पाँव हिलाइए." उजवा पाय हलला नाही. मी तो दोन्ही हातांत धरला. गार होता. आधी हिंदीत विनवलं, मग मराठीत. अंगठा हलल्यासारखा वाटला. नातीला दिसला नाही.

आता बायको घरी आहे, भिंत धरून चालते. माझी भीती मात्र गेली नाही. कुठल्याही बोलीत हाक येऊ दे, मी ओ देतो. रस्त्यावर कुणी भलत्यालाच हाक मारली तरी देतो. नात हसते. हसू दे.